आत्याने बंद केलेलं इंजेक्शन

औषधांच्या कारखान्यांत माझ्या आत्याला माशी म्हणतात. ती कारखान्यात शिरली की कुठे ना कुठे शिंकतेच, म्हणून. हे नाव कुणी ठेवलं ते तिला ठाऊक आहे. ज्याने ठेवलं त्याचा कारखाना तिने पुढे बंदही करायला लावला, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं ती म्हणते. नसेलही. आत्या खोटं बोलत नाही. हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे, आणि तिच्यासोबत राहणाऱ्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखीही.

कुठलंही औषध, लस, सलाईन, अगदी जखमेवर चिकटवायची पट्टीसुद्धा देशात विकू द्यायची की नाही, हे ठरवणारं एक राष्ट्रीय कार्यालय असतं. तिथे ती निरीक्षक आहे. लोकांना डॉक्टर माहीत असतो, औषधाचं दुकान माहीत असतं, पण बाटलीवर जे छापलंय तेच बाटलीत आहे यावर आपण डोळे मिटून विश्वास का ठेवतो, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मलाही पडला नव्हता. शाळेत मला कुणी विचारलं, तुझी आत्या काय करते, तर मी सांगायचे, ती मोठ्या माणसांना ओरडते आणि सरकार तिला त्याचा पगार देतं.

तिचं कार्यालय म्हणजे एक लांबलचक बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या. बोळात भिंतीला टेकून नमुन्यांची खोकी, थंड कपाटांची घरघर, आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंद. आत्याच्या टेबलावर काही नसतं. तिची सगळी दौलत खांद्याच्या पिशवीत. विजेरी, भिंग, रबरी तळाचे बूट आणि केसांवर घालायची टोपी. कारखान्यात गेल्यावर ती सभागृहात चहा घेत बसत नाही. साहेब लोक तिथे पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायला तयार असतात, आणि ही मागच्या बाजूला सांडपाणी कुठे जातं ते बघत उभी असते. मग कचरा, मग कामगारांची कपडे बदलायची खोली. तिथल्या बाकावर ती बराच वेळ नुसती बसते. पुढच्या दाराने सगळेच कारखाने स्वच्छ असतात, असं तिचं म्हणणं.

ती आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहते. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणाऱ्याला ती "वेळ मिळाला नाही" म्हणते आणि तो ओशाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते. जेवायला मात्र वर, आमच्याकडे. आई तिला वन्सं म्हणते. दोघी सारख्याच फटकळ, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. ज्याला जे बोलायचं ते तोंडावर बोलून मोकळं व्हायचं, आणि मधल्या मध्ये बाबांनी मान खाली घालून जेवायचं, अशी आमच्या घरची व्यवस्था होती.

बाबा आत्याचे थोरले भाऊ. त्यांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो ना, तसली त्यांची गाडी. शहरातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या शिव्या खाऊन तयार झालेत. मग त्यांची मूत्रपिंडं कामातून गेली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. हाताला दोन सुया टोचायच्या, एकीतून रक्त बाहेर, यंत्राच्या गाळणीतून साफ होऊन दुसरीतून आत. चार तास खुर्चीत पडून राहायचं. पाणी मोजून प्यायचं. बाबा बर्फाचा खडा तोंडात धरायचे आणि जगातल्या तमाम नद्यांबद्दल बोलायचे.

रक्ताची एक खोड असते, शरीराबाहेर आलं की ते गोठायला बघतं. ते नळीत आणि गाळणीत गोठू नये म्हणून सुरुवातीलाच एक इंजेक्शन देतात. त्याचं नाव हेपारिन. देशात ते बनवणारा एकच कारखाना उरला होता. बाकीच्यांनी कधीच अंग काढून घेतलं होतं.

आणि त्याच कारखान्याची तपासणी आत्याकडे आली.

तिने आधीच प्रमुखांना सांगितलं होतं, माझा भाऊ या औषधावर आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. प्रमुख म्हणाले, कुणाचा तरी कुणीतरी कुठल्या तरी औषधावर असतोच, आणि आपल्याकडे निरीक्षक आहेत तरी किती, तुम्हीच जा. ती गेली.

कारखान्यात भरणीच्या खोलीबाहेर एक मोठा फलक होता. त्यावर लिहिलं होतं, सलग शून्य. हा काय प्रकार, ते सांगायला हवं. ज्या खोलीत इंजेक्शनं बाटल्यांत भरतात तिथली हवा चोख आहे की नाही हे बघायला काचेच्या उथळ बशा ठेवतात. बशीत जेलीसारखा थर असतो. झाकण काढून ती काही तास उघडी ठेवायची, मग झाकून उबदार कपाटात ठेवायची. हवेतून जंतू पडले असतील तर थरावर ठिपके उगवतात. ठिपके मोजायचे. या कारखान्यात ठिपका म्हणून उगवत नव्हता. वर्षानुवर्षं शून्य. ज्या पाळीचं शून्य टिकेल तिचा फोटो फलकाखाली लागायचा आणि तिला जादा सुट्टी मिळायची.

आत्या म्हणते, माणूस ज्या खोलीत शिरतो ती कायम शून्य राहूच शकत नाही. कधीतरी एखादा ठिपका यायलाच हवा. तो आला की शोधायचं, कुठून आला, आणि तेवढं दुरुस्त करायचं. कायमचं शून्य बघितलं की तिच्या कपाळाला आठी पडते.

तिने फलकाचं कौतुक ऐकून घेतलं आणि उबदार कपाट उघडायला लावलं. सकाळच्या पाळीतल्या बशा बाहेर काढून उजेडात तिरक्या धरल्या. त्या खोलीत वरून सतत वारा सुटलेला असतो. तशा वाऱ्यात काही तास उघडी राहिलेली बशी वाळते, थर पातळ होतो आणि कडेने सुटायला लागतो. या बशा फुगीर, चकचकीत आणि काठोकाठ होत्या. नुकत्याच ओतल्यासारख्या.

तिने तिथल्या कामगार बाईला बाजूला घेऊन विचारलं, झाकण कधी काढता? ती बाई जराही न बिचकता म्हणाली, "काढतच नाही, बाई. काढलं आणि काही उगवलं तर फलक उतरतो. मग सगळ्या पाळीची सुट्टी जाते. म्हणून आम्ही बशा ठेवतो जागेवर, वेळ झाली की उचलतो. काम सगळं करतो, फक्त झाकण तेवढं काढत नाही."

आत्या त्या बाईवर चिडली नाही. तिला म्हणे हसूच आलं. ज्याने तो फलक टांगला होता त्याच्याकडे बघून मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कारखान्याचा व्यवस्थापक. तो समजावायला लागला की माल उत्तम आहे, आजवर एकसुद्धा तक्रार नाही, एका बशीपायी एवढं काय.

"माल उत्तम असेलही," आत्या म्हणाली. "पण ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. माहीत नसलेलं इंजेक्शन मी लोकांच्या रक्तात जाऊ देणार नाही."

त्याच दिवशी भरणी थांबली. त्या खोलीतून बाहेर पडलेला माल जिथे असेल तिथून परत मागवायचा हुकूम निघाला. तिच्या सहीने.

संध्याकाळी ती नेहमीसारखी जेवायला आली आणि ताट वाढून होण्याआधीच बाबांना म्हणाली, "दादा, तुझं इंजेक्शन आजपासून बंद. मी बंद केलंय."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ते तिला साहेबच म्हणायचे. "काय साहेब, आता घरातच धाड?"

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. "मग यांना काय देणार?"

"बघते."

"बघते म्हणजे काय, वन्सं?"

"बघते म्हणजे बघते, वहिनी. गोड बोलून फसवू का तुम्हाला?"

मला आठवतं, मला आत्याचा राग आला होता तो बंद करण्याचा नव्हे, त्या सुराचा. दुसऱ्याच्या घरी आग लावून आलेला माणूस निदान आवाज तरी खाली ठेवतो.

तिकडे तिच्या प्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. आता हे सगळं तिनेच मला सांगितलेलं आहे, पण तिच्या बाबतीत तिने सांगितलं म्हणजे ते तसंच घडलं असं धरायला हरकत नाही. प्रमुख मवाळ स्वभावाचे, स्वतः डॉक्टर. ते खलनायक नव्हते. त्यांना खरोखरच रुग्णांची काळजी होती, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं.

त्यांच्या कार्यालयात दोषांच्या पायऱ्या असतात. किरकोळ, मोठा आणि गंभीर. गंभीर लिहिलं की काम थांबतं. मोठा लिहिलं तर कारखाना चालू ठेवून सावकाश दुरुस्ती करता येते.

"मोठा लिहा," प्रमुख म्हणाले. "मी दोष लपवायला सांगत नाही. एक पायरी खाली उतरा, एवढंच. माणसं यंत्रांवर आहेत, बाई."

"मला माहीत आहे. त्यातल्या एकाशी मी परवाच पत्ते खेळले."

"मग तुम्हालाच जास्त कळायला हवं."

"मला कळतंय म्हणूनच उतरत नाही. साहेब, तुम्हाला बदलायचं असेल तर बदला. तुम्हाला अधिकार आहे. माझं लिहिलेलं तसंच ठेवा, त्याच्याखाली तुमचं लिहा आणि सही करा. उद्या कुणी विचारलं तर दोन्ही वाचता येईल."

प्रमुखांनी सही केली नाही. आत्या उठलीही नाही. ती म्हणाली, "आता माझं दुसरं काम. हेच इंजेक्शन बाहेरच्या देशातून आणायची तातडीची परवानगी द्या. आपण थांबवायचं आणि हात झटकायचे, असं नाही चालणार. ज्याने बंद केलं त्यानेच दुसरं आणून द्यायचं. कार्यालय त्याच्यासाठीही आहे."

प्रमुख म्हणाले, परवान्यांच्या विभागात त्याला महिने लागतात. आत्या म्हणाली, मग मी तिथे जाऊन बसते. आणि खरोखर जाऊन बसली. परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलाशेजारी एक स्टूल ओढून घेतलं. तो जेवायला निघाला की ही त्याच्याबरोबर जेवायला. तो फोनवर बोलायला बाहेर गेला की ही दारात. कुठल्या देशातल्या कुठल्या कारखान्याची तपासणी कुणी केली आहे, त्यांचे अहवाल कोण देईल, हे ती त्याच्याच फोनवरून शोधत होती. त्या बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. महिन्यांची परवानगी आठवड्यात निघाली, आणि मला वाटतं ती औषधापेक्षा त्या माणसाच्या सुटकेसाठी जास्त निघाली. पण परवानगी म्हणजे माल नव्हे. माल यायला वेळ होता.

तोवर सगळ्या शहराला कळलं होतं. एका अधिकाऱ्याच्या हट्टापायी रुग्ण वेठीला, असं वर्तमानपत्रात छापून आलं. नाव नव्हतं, पण इमारतीत नाव लागत नाही. लिफ्टमध्ये ती शिरली की बोलणं थांबायचं. एके सकाळी तिच्या दाराच्या कडीला कुणीतरी माशा मारायची जाळी अडकवून गेलं. आत्याने ती काढून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "बरी आहे." स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. दार उघडं ठेवून माशा मारताना ती मुद्दाम दिसेल अशी बसायची.

हे सगळं ऐकायला मजेचं वाटतं. डायलिसिसच्या खोलीत मजा नव्हती.

हेपारिनशिवाय डायलिसिस होतं, पण कसंबसं. सिस्टरला सारखं येऊन नळीत सलाईन सोडावं लागतं, म्हणजे रक्त पुढे ढकललं जातं. एक सिस्टर, एवढी यंत्रं. ती या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे पळत असायची. तरी एक दिवस बाबांची गाळणी काळी पडली. यंत्र ओरडायला लागलं. गाळणीत आणि नळीत जेवढं रक्त होतं तेवढं परत देता येईना. ते सगळं लाल पिशवीत टाकून द्यावं लागलं, आणि आई ती पिशवी जाताना बघत उभी होती. बाबांचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्या दिवशी चार तासांचं काम अर्ध्यावर राहिलं. घरी जिना चढताना बाबा तीनदा बसले.

आत्या खालच्या मजल्यावर दार उघडून उभी होती. आई तिच्यासमोर थांबली.

"बघून घ्या," आई म्हणाली. "तुमच्या सहीने काय झालंय ते नीट बघून घ्या. जंतू असतील, नसतील. हे मात्र झालंय."

आत्या बाबांना धरायला पुढे आली तर आईने तिचा हात बाजूला केला.

त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलायची बंद झाली. आत्याचं ताट वाढणंही बंद झालं. दुसरं कुणी असतं तर मुकाट खाली जेवलं असतं. आत्या वेळेवर वर यायची, कपाटातून स्वतः ताट घ्यायची, स्वतः वाढून घ्यायची, नेहमीच्या जागी बसून जेवायची आणि ताट धुऊन ठेवून जायची. "हे माझ्या भावाचं घर आहे," ती एकदा भिंतीला उद्देशून म्हणाली. आई भिंतीला उद्देशून म्हणाली, "भाऊ राहिला तर." बाबा म्हणाले, "भिंतीला पण कान दुखत असतील, थोडं हळू."

मी आईच्या बाजूची होते. ती बाजू चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. नियम सगळ्यांसाठी असतो हे कळतं, पण रक्ताची पिशवी आपल्याच माणसाची असते. बाबांनी मात्र आत्याला एका शब्दाने दोष दिला नाही. मी त्यांना विचारलं, तुम्हाला राग नाही येत? ते म्हणाले, "अगं, शिकणारा माणूस जोरात चाललेला असताना मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला की तो काय म्हणायचा माहीत आहे? समोर तर काही नव्हतं, कशाला दाबलात. आता काही नव्हतं हे त्याला दाबल्यावरच कळायचं ना." मग थोड्या वेळाने म्हणाले, "राग येतो. पण तिचा नाही येत."

त्यानंतरच्या आठवड्यात सिस्टरने आईला बाजूला बोलावलं. ती फार मायेची बाई. तिने माल परत पाठवताना काही बाटल्या हातमोज्यांच्या खोक्यामागे ठेवून दिल्या होत्या. ज्यांची गाळणी गोठते त्यांच्यासाठी. "इतकी वर्षं हेच देतोय आपण," ती म्हणाली. "कुणाला काही झालंय का? आज यांना देते. कुणाला बोलू नका." आईने तिचे दोन्ही हात धरले. बोळात येऊन मला सांगितलं तेव्हा कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जीव आला होता.

बाबा खुर्चीत होते. सुया टोचून झाल्या होत्या. सिस्टर भरलेली सिरिंज घेऊन आली तेव्हा बाबांनी तिच्याकडे बघितलं. "हे कुठून आलं, सिस्टर?"

"आहे आपल्याकडे थोडं."

"जुनं?"

सिस्टरला खोटं बोलता आलं नाही. "चांगलं आहे हो, काका."

बाबा मला म्हणाले, "साहेबांना फोन लाव."

"लावू नकोस," आई म्हणाली.

मी दोघांच्या मध्ये उभी होते. आईच्या डोळ्यांत मला दिसत होतं की मी फोन लावला तर ती मला माफ करणार नाही. पण सुया टोचलेल्या होत्या त्या बाबांच्या हाताला. मी फोन लावला.

आत्याचं कार्यालय फार लांब नव्हतं. ती येईपर्यंत सिस्टर नळीत सलाईन सोडत राहिली आणि आई खिडकीबाहेर बघत राहिली. खोलीत व्हिनेगरसारखा तो जंतुनाशकाचा वास, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही, आणि ओळीने खुर्च्यांत पडलेली माणसं. सगळ्यांचे कान आमच्याकडे.

आत्या आली. तिने सिरिंज बघितली, बाटली बघितली, त्यावरचा भरणीचा क्रमांक भिंगातून वाचला.

आई पुढे आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून बोलली. "वन्सं, मी हात जोडत नाही, पण मागते. तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा. तुम्ही आलाच नाहीत असं समजू."

"मी आलेय, वहिनी."

"तुमच्या पोटचा मुलगा या खुर्चीत असता तर?"

"तरी हेच. दादा मला मुलापेक्षा कमी आहे का? हे आत जाणार नाही." तिचा आवाज फाटला, पण ती जागची हलली नाही. मग सिस्टरकडे वळली. ती रडायला लागली होती. "रडू नकोस. बाकीच्या बाटल्या कुठे आहेत त्या तूच आणून माझ्या हातात दे. तू दिल्यास तर तू दिल्यास असं लिहीन. मी शोधून काढल्या तर तसं लिहावं लागेल. मला दुसरं लिहिता येत नाही."

सिस्टरने बाटल्या आणून दिल्या. आत्याने पिशवीतून पाकीट काढलं. अशा वेळी माल पाकिटात बंद करून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

"मी आहे की," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"नात्यातला चालत नाही. इथे नोकरीला असलेलाही नाही."

म्हणजे उरले बाकीच्या खुर्च्यांतले. ज्यांचं इंजेक्शन तिने बंद केलं होतं ते. आत्याने शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला विचारलं. तो पेशाने न्हावी, बाबांचा दोन वर्षांपासूनचा सोबती. त्याने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुम्हीच का त्या? बंद करणाऱ्या?"

"मीच."

पलीकडच्या खुर्चीत एक ग्रंथपाल बाई होत्या, त्यांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं आता शिव्या पडणार. आत्याही तयारीत होती. ती मान वर करून उभी होती, पाकीट पुढे धरून.

"आमची ही दशा तुमच्यामुळे," न्हावी म्हणाला.

"हो. नवा माल वाटेवर आहे. तो येईपर्यंतचा त्रास माझ्यामुळे. ते मी नाकारत नाही."

"पण जुन्यात वाईट काय निघालं?"

"निघालं काहीच नाही. कुणी बघितलंच नव्हतं. बघायच्या बशीचं झाकण काढत नव्हते."

न्हावी मग म्हणाला, "एक विचारू? उन्हाळ्याआधी मला इथे मशीनवर हुडहुडी भरली होती. दात वाजायला लागले. ताप चढला. सगळे म्हणाले, वरच्या एसीमुळे. तसं होतं का एसीमुळे?"

आत्याने पाकीट खाली ठेवलं. जंतू असलेलं इंजेक्शन रक्तात गेलं तरी अशीच हुडहुडी भरते. "कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं तर सांगणार ना. सिस्टरने एसी बंद केला."

सिस्टर डोळे पुसत म्हणाली, "केला होता. त्या महिन्यात तीन-चार जणांना झालं होतं. आम्ही एसीवाल्याला बोलावलं. त्याने जाळ्या धुऊन दिल्या."

"मलाही भरली होती," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "मी समजले, वय झालं."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आणखी कुणीतरी हात वर केला. आत्याने पेन काढलं. कुठला महिना, सुरुवात झाल्यावर किती वेळाने, ताप किती, एकेकाला विचारत ती खुर्चीखुर्चीतून फिरायला लागली. ओरडून नाही. मी तिला एवढ्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आजवर एकसुद्धा तक्रार नाही, असं कारखान्याचा तो माणूस म्हणाला होता. तक्रार कशी येणार? सगळ्यांनी मिळून ती एसीच्या गळ्यात बांधली होती.

ती फिरत फिरत बाबांच्या खुर्चीपाशी आली. बाबा म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

"मला आठवतं," आई म्हणाली.

ती खिडकीपाशी उभी होती. तिने खिडकीकडे पाठ केली आणि सरळ आत्याकडे बघितलं.

"यांनाही भरली होती. दोनदा. खुर्ची हलत होती एवढे कापत होते. मी पांघरूण घातलं, खिडकी लावून घेतली आणि घरी जाऊन एसीला शिव्या घातल्या. तुम्ही त्या दिवशी जेवायला वर होतात. तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही. तुम्हाला कशाला सांगायचं, तुमचं काम कारखान्यात, असं वाटलं." तिने आत्याच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "लिहा, वन्सं."

आत्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं. "वहिनी, यावरून काही सिद्ध होत नाही. एसीही असू शकतो. मला तसंच लिहावं लागेल."

"मी कुठे म्हणते सिद्ध झालं? एसी असेल तर एसी निघू दे. पण आता झाकण काढून बघू द्या सगळ्यांना." आई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि सांगणाऱ्याचं नाव माझं घाला. यांचं नको, हे आजारी आहेत. तुमचे ते प्रमुख, तो कारखान्याचा माणूस, कुणाला विचारायचं असेल त्यांनी मला बोलवावं. मी येते."